तिरडीवरचा सदरा

मधल्या सुट्टीत व्हिडिओ आला. माय तिरडीशेजारी छाती बडवून रडत होती. तिचे शब्द ऐकू येत नव्हते. त्यांवर कुणीतरी बासरीची करुण धून चढवली होती. तिरडीवरच्या देहाचा चेहरा झाकलेला होता. अंगात बाबांचा सदरा होता.

मी चित्र थांबवून मोठं केलं. कॉलरवरचे निळ्या दोऱ्याचे टाके माझेच होते.

बाबांचा फोन बंद. मायचाही. जवाहरनगरच्या शाळेत मी मुलांना शिकवते, की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. बसमध्ये तेच स्वतःला सांगत राहिले. व्हिडिओखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाढत होत्या.

आसगावला उतरून तलावाकडे धावले. मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसाला दिल्यापासून आमचे ढिवर मासेमार तलावाच्या पाळीवर, बांधावरच, निषेधाचा मंडप टाकून बसले होते. मंडपात बाबा डफ वाजवत होते.

“रंजिता? कवा आली वं?”

मी मातीतच बसले. फोन त्यांच्यापुढे धरला.

“मी कायले मरीन?” बाबा हसले. “तो ठेका व्हता! ठेक्याची प्रेतयात्रा काहाडली आमी.”

“वाऱ्यानं आवाज खराब आलता, ताई,” माझा भाऊ चंदन म्हणाला. “म्हणून धून टाकली. लय चालून राहिला व्हिडिओ.”

“तुझ्या बापाले मारून चालवला, गधड्या!” मी ओरडले. मग मायकडे वळले. “आन सदरा?”

माय पदराचं टोक पिळत राहिली.

“ठेक्यासाठी रडूच येत नोहोतं. बाया फिदीफिदी हासून राहिल्या व्हत्या. मंग पुतळ्याले यांचा सदरा घातला. मनात आणलं का हेच गेले.” ती थांबली. “मंग थांबताच येईना.”

बाबांनी डफ खाली ठेवला.

आता लोकांना खरं सांगायलाच हवं होतं. मी कॅमेरा सुरू केला.

“बाबा, नाव सांगा. जिवंत आहो म्हणून सांगा.”

सकाळपासून पाळीवर घोषणा देणारे बाबा उभे राहिले. त्यांची नजर मायवरून हलेना.

“बोला ना,” माय हळूच म्हणाली.

बाबांचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं.