शेवटी येणाऱ्याचा दिवा

"आजही तोंड लावलं नाही," असं म्हणत मास्तरांनी माशाच्या काचेच्या टाकीतून चमचा वर काढला. चमच्याला दोऱ्याने बांधलेली काकडीची चकती होती तशीच होती, फक्त जरा फुगलेली.

"भूक लागली की खाईल," बायको आतून म्हणाली. तिचाही घास हल्ली ताटातच राहायचा, पण तो विषय काढण्यात अर्थ नव्हता.

मास्तर म्हणजे शिंपी. गल्लीत कुणाचं पोट किती सुटलं हे त्याच्या बायकोआधी मास्तरांना कळायचं. माशाचं पोट आत गेलंय हे कळायला त्यांना टेप लागला नाही.

मासा मुलीचा होता. काळा, खरबरीत, काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा. तिने त्याचं नाव 'मामा' ठेवलं होतं. "आई, तुझा भाऊ आला की असाच एक कोपरा धरतो बघ, पान वाढेपर्यंत हलत नाही." बायको तिच्यावर उलथनं उगारायची आणि मग स्वतःच हसत सुटायची. मुलगी इस्पितळात नर्स होती. दुपारपाळी करून यायला तिला उशीर व्हायचा आणि दाराजवळच्या लाकडी स्टुलावर अंधारात हमखास गुडघा आपटायचा. म्हणून घरात नियम झाला: बाहेरच्या खोलीतला दिवा चालू ठेवायचा आणि जो शेवटी येईल त्याने तो मालवायचा. शेवटी नेहमी तीच यायची.

मग एके दिवशी कामावरून परतताना एका ट्रकने तिला रस्त्यातच गाठलं.

तेव्हापासून तो दिवा बंद झालेला नव्हता. तसं कुणी ठरवलं नव्हतं. बल्ब गेला की मास्तर येताना नवा घेऊन येत, स्टुलावर चढून लावत, आणि बायको खाली स्टूल धरून उभी राहायची. उजेडाने टाकीची काच हिरवीगार झाली, तेव्हा मुलीची वस्तू कळकट दिसू नये म्हणून मास्तरांनी ती घासून लखलखीत केली. मामाचे वाईट दिवस तिथून सुरू झाले.

शोभेचे मासे विकणारा मासेवाला त्यांचं जुनं गिऱ्हाईक. मास्तर विचारायला गेले तेव्हा तो आधी हसला. "मास्तर, काच घासलीत म्हणजे त्याचं ताटच घासून ठेवलंत की. वर म्हणता जेवत नाही."

"काकडी देतोय ना."

"कधी देता?"

"रात्री, निजताना."

"वेळ तर बरोबर आहे. आणि दिवा कधी बंद करता?"

मास्तर गळ्यातला टेप गुंडाळू लागले.

"लाजरी जात आहे ती," मासेवाला म्हणाला. "काचेचं शेवाळ चाटेल उजेडात, पण दुसरं काही खायला अंधारच लागतो. उपाशी मरेल, पण कोपरा सोडायचा नाही."

घरी जाऊन मास्तरांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, की दिवा बंद करू या. तेवढं म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून ते सरळ आपल्या दुकानात गेले. जाड काळं कापड काढलं, आतून अस्तर लावलं आणि टाकीला खोळ शिवली. संध्याकाळी ती चढवली तेव्हा कोपरान् कोपरा नीट बसला. उभ्या जन्मात इतकं मापात काही शिवलं नसेल, असं वाटून त्यांना जरा बरंही वाटलं.

बायको हात पुसत बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"ते काढा."

"अगं, त्याला..."

"काढा म्हणते ना. झाकलेलं बघवत नाही मला."

मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं. मुलीला घरी आणलं तेव्हा तिच्यावरचं कापडही असंच कोपरे दुमडून नीट घातलेलं होतं. त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी खोळ काढली, घडी केली आणि मासेवाला काय म्हणाला ते सगळं सांगितलं.

"मग मला सांगायचं नाही का?"

"कसं सांगू?"

बायको टाकीजवळ जाऊन वाकली. "तिचा मासा आहे. तोही जाऊ द्यायचा का?"

तिने काकडी कापली, चकती चमच्याला बांधली आणि पाण्यात सोडली. मग बटणाजवळ गेली. हात वर गेला आणि तिथेच राहिला.

"शेवटी येणाऱ्याने मालवायचा," ती म्हणाली.

"हो."

"आता कुणी यायचं राहिलं नाही."

तिने बटण दाबलं.

दोघं अंधारात शेजारीशेजारी बसली. बायको रडत होती, मास्तरांनी तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने टाकीत चमचा काचेला लागून वाजला. थोडं थांबून पुन्हा वाजला. बघायला कुणी उठलं नाही.

"अहो."

"हं?"

"स्टूल वाटेतच आहे."

मास्तर उठले. चाचपडत दारापर्यंत गेले आणि आवाज न करता त्यांनी स्टूल उचलून भिंतीला लावून ठेवलं.