एक जूनची माणसं

उस्मानपुऱ्यात एका फरसाणाच्या दुकानावर राजेंद्र सरांची सॉफ्टवेअरची कंपनी आहे. कंपनी केवढी, तर सगळे एकदम जेवायला बसले की एकाला खिडकीच्या कट्ट्यावर जागा घ्यावी लागते. निशा साळवे ही तिथली सगळ्यात जुनी इंजिनीअर. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार आणि त्या कोठाराच्या किल्ल्या आमच्या निशाकडे, असं सर आल्यागेल्याला सांगायचे. निशाला ते ऐकायला आवडायचं, पण वरवर ती नाक मुरडायची.

गेल्या वर्षापासून तिच्या मदतीला कोड लिहिणारा एक एआय आला होता. ऑफिसात सगळे त्याला पाहुणा म्हणत, कारण चार दिवस वापरून बघू म्हणून आणला आणि मग तो गेलाच नाही. निशाने आधी त्याला दारातही उभं केलं नव्हतं. मग एकदा वैतागून तिने आपलं एक रखडलेलं काम त्याच्यापुढे टाकलं. एक अहवाल होता, तो निघायला लागला की चहा पिऊन यावं, गप्पा मारून याव्यात, तरी निघायचा नाही. पाहुण्याने कोठाराची रचना पाहिली, माहिती शोधायची वाट एका ठिकाणी बदलली, आणि तिने कप उचलायच्या आत अहवाल पडद्यावर हजर! निशा हसली, मग खरंच झालंय का म्हणून तिने तेच परत करून पाहिलं.

त्या दिवसापासून रोज काहीतरी नवल घडायचं. पोरीला ते पोटात ठेवता यायचं नाही. घरी गेली की ती अप्पारावांना, म्हणजे वडिलांना, सगळं सांगायची. अप्पाराव शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी विचारत, “सगळं त्यानंच केलं, तर मग तू दिवसभर काय करती तिथं?” आई, गीताबाई, पदर तोंडाला लावून हसायची.

उन्हाळ्यात एक मोठं काम आलं. शहरातल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीला आपल्या रक्तदात्यांची माहिती एका जागी आणायची होती. वर्षानुवर्षं गावोगाव शिबिरं झालेली, प्रत्येक शिबिरात लिहिणारा वेगळा. कुणी वडिलांचं नाव लिहिलेलं, कुणी गाळलेलं. एकाच माणसाच्या चार-चार नोंदी. कोणत्या दोन नोंदी एकाच माणसाच्या धरायच्या, असं पाहुण्याने विचारलं, तेव्हा निशाने फार विचार केला नाही. नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. जन्मतारीखसुद्धा जुळतेय म्हटल्यावर वाद कसला? पाहुण्याने मूळ नोंदी बाजूला जपून ठेवल्या आणि सगळा गुंता चुटकीसरशी सोडवून दिला. रक्तपेढीतली तंत्रज्ञ सोनिया तर इतकी खूश झाली की तिने निशाला इमरती खाऊ घातली.

तीच सोनिया एका सकाळी फोनवर रडकुंडीला आली होती.

“निशाताई, एक बाई ॲडमिट आहे, द्वारकाबाई नाव. बाळंतपण अवघड आहे, ऑपरेशन करावंच लागणार. पण तिचा रक्तगट हजारोंत एखाद्याचा असतो ना, बॉम्बे ग्रुप, तो आहे. दुसरं कुठलंही रक्त तिला चालत नाही. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत पिशवी हाताशी असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही, आणि संध्याकाळच्या पुढे थांबताही येणार नाही.”

“मग आपल्याकडे दाता नाही का?”

“एकच दिसतोय. कारभारी दांडगे, फर्दापूर. पण त्याने मागच्याच महिन्यात, चौदा एप्रिलच्या शिबिरात, रक्त दिलंय. तीन महिने त्याचं घेता येत नाही. मुंबई-पुण्याला फोन लावलेत, पण तिथून यायला उद्या उजाडेल. बघा ना ताई, शोधण्यात काही राहिलं असेल. तिचा नवरा सांडू सकाळपासून माझ्यासमोर बसलाय. नुसता माझ्याकडे बघतोय.”

निशाने फोन ठेवला आणि स्वतःच शोध घेतला. एकच नाव. पुन्हा घेतला. तेच नाव. आता काय देवाला नवस बोलायचा? तो तिच्या घरी कुणी बोलत नसे. तिने पाहुण्याला लिहिलं. इतक्या घाईत लिहिलं की अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी झालं. हा रक्तगट असलेला दुसरा कुणीही, कुठल्याही जुन्या नोंदीत, चुकून वगळला गेलेला, आहे का ते बघ. एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे.

पाहुणा कामाला लागला. पडद्यावर त्याचे प्रश्न सरसर उमटत होते आणि कोठार त्यांना उत्तरं देत होतं. हजारो माणसांची नावं, गावं, तारखा तो उलटसुलट करून पाहत होता. निशाला वाटलं, ‘सापडलं नाही’ एवढंच आता येईल. आलं ते भलतंच होतं.

त्याने लिहिलं होतं की नवीन नाव सापडलेलं नाही, पण एक गोष्ट खटकते आहे. या दात्यांपैकी फार मोठ्या संख्येने लोक एक जूनला जन्मलेले दिसतात. खाली त्याने एक आलेख काढून दाखवला होता. वर्षाचे सगळे दिवस गवतासारखे गुडघ्याएवढे, आणि मधेच एक जून ताडासारखा उभा. माणसं अशी एकाच दिवशी जन्माला येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तुमच्या भागात ही तारीख लिहिण्याची काही रीत आहे का? असेल, तर जन्मतारीख जुळली म्हणून माणूस एकच, हा आपला नियम कच्चा होता, आणि आपण वेगवेगळी माणसं एकत्र केलेली असू शकतात.

निशाने कपाळावर हात मारून घेतला.

रीत आहे का म्हणे! अख्ख्या मुलखाला ठाऊक असलेली रीत. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, ज्वारी काढणीला आली होती तेव्हाचा. आता ज्वारीची तारीख मास्तर कुठून आणणार? ते पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का बघायचे आणि शाळेच्या सोयीची म्हणून एक जून ठोकून द्यायचे. अप्पारावांची तारीख एक जून. गीताबाईंची एक जून. दोन्ही काकांची, मामाची एक जून. त्या दिवशी बँकेचे वाढदिवसाचे मेसेज घरात टणाटणा वाजतात आणि निशा दरवर्षी पोट धरून हसते. तेच ज्ञान कामाच्या वेळी कुठे गेलं होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आणि ज्याने मास्तर पाहिला नाही, ज्वारी पाहिली नाही, त्याने आकड्यांमध्ये मास्तरांच्या हाताची खूण ओळखली होती. निशाला त्या क्षणी शरम वाटली, भीती वाटली, आणि या सगळ्याच्या वर प्रचंड नवल वाटलं.

पाहुण्याचं सांगणं अजून संपलं नव्हतं. या रक्तगटाचे जे एकमेव दाते दिसतात, त्या कारभारी दांडगे यांची नोंदही अशीच जुळवलेली आहे, तारीख एक जून. मूळ नोंदी पाहिल्या, तर दोन वर्षांपूर्वी या माणसाने फर्दापूरला रक्त दिलं आणि त्याच आठवड्यात सिल्लोडलाही दिलं. हे होऊ शकत नाही. माझ्या अंदाजाने ही दोन माणसं आहेत. खात्री मात्र तुम्ही करून घ्या.

दोन माणसं! निशा खुर्चीतून उठूनच उभी राहिली. आकड्यांच्या ढिगातून एक माणूस हळूच डोकं वर काढत होता, ज्याला तिनेच त्यात पुरलं होतं. दुसऱ्या नोंदीवरचा फोन लागेना, नंबर केव्हाच बंद पडलेला. मग तिने पहिल्याचा लावला.

फोन एका बाईने उचलला. “मी भामाबाई, त्यांची मंडळी. मालक इथंच हायेत, रिक्षा धुत्यात. ओ, ऐकलं का, शहरातनं फोन हाय!”

“बोला ताई,” कारभारींचा दणदणीत आवाज आला. “रक्तपेढीतनं का? रक्त पायजे? निघू का?”

“नाही नाही, तुम्ही मागच्याच महिन्यात दिलंय. मला वेगळंच विचारायचंय. काका, तुमच्या गावात तुमच्याच नावाचं आणखी कुणी आहे का?”

“हाय की! आमचा धाकला कारभारी. चुलत भाऊ माझा.”

निशाने पेन उचललं. “आणि रक्तगट?”

“माझाच. सिल्लोडच्या शिबिरात निघाला तवा डॉक्टर लई दंग झाले व्हते. आवो, आमचे बाप सख्खे भाऊ, आन् आया सख्ख्या बहिणी. एका मांडवात दोन लग्नं. आमचा आजा वारला त्याच साली आमी दोघं जन्मलो. मंग दोन्ही घरांनी आज्याचंच नाव ठिवलं. कोन कुनाला नाय म्हननार?”

“त्यांनी इतक्यात रक्त दिलंय का?”

“नाय. वरीस झालं असंल. सध्या सिल्लोडला मार्केटात मक्याच्या गाड्या भरतोय. का वो, कुनाला लागतंय?”

निशाने सांगितलं. मग कारभारी म्हणाले, “फोन ठिवा. त्याला घिऊनच येतो.”

निशा ऑफिसात थांबूच शकली नाही. तिने राजेंद्र सरांना सगळा प्रकार सांगितला आणि सरळ रक्तपेढी गाठली. बाकड्यावर सांडू बसला होता. बारीक अंगाचा, शर्टाची वरची गुंडी तुटलेली. सोनियाने त्याला सांगितलं होतं की माणूस निघालाय, पण तो प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठून दारापर्यंत जाऊन परत येत होता. निशाने त्याला पाण्याचा पेला नेऊन दिला. आपल्या एका नियमाने या माणसाचा आधार झाकून टाकला होता, हे तिला आत कुठेतरी टोचत होतं.

दुपार कलायच्या आत दारात मोटारसायकल थांबली. पुढे बसलेला थोरला कारभारी, आडव्या अंगाचा, मिशांचा. मागे बसलेला धाकला, उंच, सडपातळ, केसांत मक्याचा भुसा. दोघांच्या तोंडावळ्यात काडीचंही साम्य नव्हतं. निशा धाकल्याकडे बघतच राहिली. आज सकाळपर्यंत तिच्या कोठारात हा माणूस नव्हताच. आणि आता तो जिताजागता समोर उभा राहून रुमालाने मान पुसत होता. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

सोनियाने धाकल्याला आत नेलं, तपासलं, झोपवलं. सुई टोचली तशी पिशवी हळूहळू भरू लागली. निशा जवळच उभी होती.

“ताई,” धाकल्याने विचारलं, “माझा नंबर तर कवाच बदलला. तुमाला मी घावलो कसा?”

आता याला काय सांगावं? तिने जमेल तसं सांगितलं. एक जूनचं सांगितलं, तसा तो खो खो हसला. मग ती म्हणाली, “आणि एका आठवड्यात एकच माणूस दोनदा रक्त देणार नाही ना. त्यावरून कळलं की तुम्ही दोघं आहात.”

“का देनार नाय?” दाराशी उभा असलेला थोरला मधेच म्हणाला. त्याने बाही कधीच दंडाच्या वर सारली होती. “घेनारा पायजे. बाई, ह्याचं कमी पडलं तर माझं काढून ठिवा. मी काय मरत नाय.”

“काका, बाही खाली करा आणि गुमान बाहेर बसा,” सोनियाने दटावलं.

“आवो, पर लागलं तर?”

“बाहेर!”

थोरला पुटपुटत बाहेर गेला, पण बाही त्याने खाली केली नाही. पाहुण्याचा सगळा हिशोब, एक माणूस असं करणारच नाही, यावर उभा होता, आणि हा बाबा तर करायला तयार होता! निशाने ठरवलं की हे पाहुण्याला नक्की लिहायचं. त्याला काय वाटेल कोण जाणे, पण तिला स्वतःला दोघांचंही सारखंच नवल वाटत होतं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, पिशवी द्वारकाबाईच्या रक्ताशी जुळवून पाहिली, आणि खोक्यात घालून रवाना झाली. हॉस्पिटल मागच्याच गल्लीत होतं. सांडू खोक्याच्या मागोमाग धावत गेला. दोघा भावांनी निघायला हवं होतं, भामाबाईंचे दोन फोन येऊन गेले होते, पण ते हलेनात. धाकला बाकड्यावर बसून बिस्किटं खात होता. थोरला दर थोड्या वेळाने सोनियाला काही कळलं का म्हणून विचारून तिची शिवी खाता खाता वाचत होता. निशाने बाहेरून सगळ्यांसाठी चहा आणला. तो तसाच निवून गेला.

उन्हं उतरल्यावर सांडू आला. पायांत चप्पल नव्हती. तो दारातच थांबला. त्याने हाताने काहीतरी लहानसं दाखवलं, बाळाएवढं. मग कसाबसा म्हणाला, “पोरगी. दोघीबी... दोघीबी हायेत.”

सांडू पुढे झाला आणि सरळ थोरल्याच्या पायांवर वाकला. थोरला दोन पावलं मागे सरला.

“आवो माझं नाय, माझं नाय! रक्त ह्यानं दिलं.”

सांडूने मान वर करून धाकल्याकडे पाहिलं. “काय नाव तुमचं, भाऊ?”

“कारभारी दांडगे.”

“आन् तुमचं?” त्याने थोरल्याला विचारलं.

थोरला ओशाळून हसला. “माझंबी तेच.”

सांडूला ते नीट कळलं की नाही, देव जाणे. तो आधी धाकल्याच्या पाया पडला आणि मग परत फिरून थोरल्याच्याही पडला. थोरला या वेळी मागे सरला नाही. त्याने वाकून सांडूला दोन्ही दंडांना धरून उठवलं आणि त्याच्या तुटक्या गुंडीच्या शर्टावर हात फिरवत म्हणाला, “जा आता, पोरीपाशी जा.”