लेखकावर प्रेम नसलेला वाचक

राजरत्नदादांनी घरगुती पंपांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे. इथे विंडसरमध्ये बेसमेंटच्या फरशीत एक खड्डा असतो आणि त्यात साचणारं पाणी बाहेर फेकायला पंप. तो बिघडला तर स्वतः कसा बदलायचा, हे चौथ्या प्रकरणात आहे. वाचकांच्या सर्वांत जास्त तक्रारी त्याच प्रकरणावर आल्या. संपादिकेने कळवलं, ‘पंपातलं काहीही न कळणाऱ्या माणसाने नुसतं वाचून पंप बदलल्याचा व्हिडिओ पाठवा, नाहीतर दुसरी आवृत्ती निघणार नाही.’

मी दादांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते आणि फिजिक्समध्ये मास्टर्स करते, म्हणून चाचणी घ्यायचं काम माझ्याकडे आलं. नियम मी घातला: लेखकाने जिन्यावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.

पहिली वाचक दादांची आई, प्रमिलाकाकू. नागपूरच्या निवृत्त शिक्षिका. सहाव्या सूचनेत लिहिलं होतं, ‘दोन्ही हातांनी पाइप घट्ट धरा, सांगेपर्यंत सोडू नका.’ सातवीत, ‘टॉर्चच्या उजेडात जोडाचा स्क्रू सैल करा.’ काकूंनी पाइप गुडघ्यांत दाबला, टॉर्च हनुवटीखाली अडकवला आणि स्क्रू फिरवला.

“किती सोपं लिहिलंय माझ्या राजूने,” त्या टॉर्च न पाडता म्हणाल्या.

पंप बदलून झाला. दादांनी खूश होऊन व्हिडिओ पाठवला. संपादिकेचं उत्तर आलं, ‘या बाई तुम्हाला सांभाळून घेत आहेत. तुमच्यावर प्रेम नसलेला वाचक शोधा.’

“म्हणजे मी नापास?” काकूंनी विचारलं.

“तुम्ही नाही काकू, प्रकरण,” मी म्हटलं.

काकू दादांकडे वळल्या. “मग रावसाहेबांना बोलाव. ते तुझी एक चूक सोडणार नाहीत.”

रावसाहेब आमच्या आंबेडकर असोसिएशनचे जुने सदस्य, बँकेतून निवृत्त. जयंतीला सूत्रसंचालन करताना दादांनी त्यांना भाषण आवरतं घ्यायची चिठ्ठी पाठवली होती, तेव्हापासून अबोला. तरी ते आले, इस्त्रीची पँट घालून. सहाव्या सूचनेपर्यंत त्यांनी अक्षरन् अक्षर पाळलं. मग दोन्ही हातांनी पाइप धरून थांबले.

“लेखकमहाशय, टॉर्च कशाने धरू?”

दादांनी तोंड उघडलं. मी मान हलवली. त्यांनी मिटलं.

“पाइप सोडा, सर,” मी म्हटलं.

“सोडा असं कुठे लिहिलंय? सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

दादा स्वतः पंप बदलतात तेव्हा टॉर्च नंदावहिनी धरतात. पुस्तकात वहिनी राहून गेल्या होत्या. दादांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, घाईघाईने टाइप केलं आणि स्क्रीन रावसाहेबांसमोर धरला: ‘घरातल्या कुणालातरी टॉर्च घेऊन शेजारी उभं करा.’

“मी एकटा राहतो,” रावसाहेब म्हणाले. “तुझं पुस्तक फक्त लग्न झालेल्यांसाठी आहे का? तसं कव्हरवर छाप.”

दादांनी पुन्हा टाइप केलं. कपाळाला घाम आला होता. रावसाहेबांची पकड ढिली होईना. या वेळी लिहिलं होतं: ‘एक हात सोडून पाइप वरच्या तुळईला दोरीने बांधा. आता दुसराही सोडा. टॉर्च डोक्याला लावायचा घ्या.’

“आता कळतंय,” रावसाहेब म्हणाले. पंप निघाला, नवा बसला. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, तसा तो घरघरत सुरू झाला. जिन्यावर दादांनी तोंडावरचा हात काढला.

व्हिडिओ पाहून संपादिकेने प्रकरण मंजूर केलं. खाली एक ओळ होती: ‘उरलेली सगळी प्रकरणं याच गृहस्थांकडून तपासून घ्या.’

दादांनी रावसाहेबांना स्पीकरवर फोन लावला. “काका, शनिवारी याल? वॉटर हीटरचं प्रकरण आहे.”

“येईन. पण समेट झाला असं समजू नकोस.”

“नाही काका. समेट झाला तर आवृत्तीचं काय होईल?”

“आणि मागच्या वेळी तुझ्या आईने पोहे दिले होते. ते नकोत. चांगले होते, अन् त्यानंतर मी दोन चुका सोडून दिल्या.”

“कुठल्या दोन?” दादांनी विचारलं.

काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं की शनिवारी उपमा आहे.