'टेस्ट'चा फेरा

"लवू, ही डबी उलटी लागलीये."

"उलटी कशी, वयनी? दिवो लागता मां."

सुलक्षणा साळसकरने एक लांब श्वास घेतला आणि कार्टच्या सीटमागे पुन्हा उकिडवी बसली. कंबरेने तक्रार केली, तिच्याकडे तिने लक्ष दिलं नाही. खंडेनवमीचा दिवस, दारावर गिऱ्हाइकं यायला अजून तासभर होता आणि बारापैकी तीन कार्टांच्या डब्या लवूने खाली डोकं वर पाय करून बसवल्या होत्या.

"दिवा लागला म्हणजे बॅटरी आहे एवढंच कळतं रे. उलटा टांगलेला माणूसपण जिवंतच असतो. कामाला जातो का तो?"

लवूने यावर मनापासून विचार केला आणि मान हलवली. गेली कित्येक वर्षं तो असाच विचार करत होता, अशीच मान हलवत होता आणि दुसऱ्या दिवशी डबी उलटी बसवत होता.

डबी म्हणजे ट्रान्सपॉन्डर. पण मरोळच्या त्या गो-कार्ट ट्रॅकवर मालकासकट सगळे तिला डबीच म्हणत. ट्रॅकच्या सुरुवातीच्या रेषेवर डांबराखाली एक तार पुरलेली होती. कार्ट त्या तारेवरून गेली, की सीटमागची डबी आपला नंबर तारेला सांगायची, वरच्या काचेच्या केबिनमधलं यंत्र वेळ टिपायचं आणि भिंतीवरच्या मोठ्या बोर्डावर आकडे उमटायचे. एवढं साधं काम. पण डबी उभी हवी, जमिनीपासून फार वर नको, तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये लोखंड नको, रात्री न विसरता चार्जिंगला लागायला हवी, आणि तिची पिन एखाद्या पोराने आठवण म्हणून खिशात घालून नेलेली नसावी. यातलं रोज काहीतरी बिघडायचंच. ते निस्तरणं ही सुलक्षणाची नोकरी होती.

ती आणि लवू दोघंही या जागेत आधीपासूनचे. इथे पूर्वी नटबोल्टांचा कारखाना होता. लवू लेथवर होता, सुलक्षणा पॅकिंगमध्ये. कारखाना बंद पडल्यावर जुन्या मालकांचा मुलगा अनिरुद्ध याने शेड पाडून, आवार सपाट करून तिथे ट्रॅक केला. माणूस भला होता. जुन्यांपैकी जे जवळपास राहत होते आणि दुसरीकडे कुठे गेले नव्हते, त्यांना त्याने बोलावून घेतलं. सुलक्षणा वाकोल्याहून एका बसने येऊ शकत होती, एवढ्या भांडवलावर ती टायमिंग इन्चार्ज झाली.

रोज ट्रॅक उघडायच्या आधी प्रत्येक डबी तारेवरून नेऊन तपासावी लागे. म्हणजे प्रत्येक कार्ट एक फेरा चालवावी लागे. लवूला चष्म्याशिवाय वळण दिसत नव्हतं आणि चष्म्यावर हेल्मेट बसत नव्हतं, त्यामुळे हे काम पहिल्या दिवसापासून सुलक्षणाकडे आलं. ओढणी कमरेला गुंडाळून, पावभाजीच्या गाडीवाल्याने तवा सरकवावा तितक्या निवांतपणे ती एकेक कार्ट फिरवून आणायची. यंत्रात या फेऱ्यांना नाव एकच होतं, 'टेस्ट'.

आणि भिंतीवरच्या बोर्डावर, सर्वांत वेगवान फेऱ्यांच्या यादीत, पहिल्या ओळीत चार वर्षांपासून तेच नाव होतं. टेस्ट. दुसऱ्या ओळीत प्रांजल. हा प्रांजल घाटकोपरहून स्वतःचे हातमोजे घेऊन यायचा, टायरला हात लावून बघायचा आणि दर महिन्याला हरून जायचा.

"हा टेस्ट कोण आहे यार?" असं कोणी विचारलं, की अनिरुद्धचं उत्तर ठरलेलं होतं. "कोणी नाही. डबी सैल असणार त्या दिवशी. मागची पुढे सरकली, मशीनला वाटलं गाडी आधीच पोचली."

डबी सैल. हे शब्द ऐकले की सुलक्षणाची कानशिलं तापायची. तिच्या हाताखालून गेलेली डबी कधीही सैल नव्हती. आणि तो फेरा तिचा होता.

चार वर्षांपूर्वी त्या दिवशी घरातला गॅस सकाळीच संपला होता. गावाहून आलेल्या नणंदेने चहा पुचाट झाल्याचं दोनदा सांगितलं होतं. नवऱ्याने, म्हणजे चंद्रप्रकाशने, पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं होतं, "तुला काय गं, तिथे गाड्या गोलगोल फिरवायच्या असतात ना?" बसमध्ये तिने या वाक्याला मनातल्या मनात सतरा उत्तरं दिली आणि एकही पटलं नाही. मग सात नंबरच्या कार्टमध्ये बसल्यावर तिचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला तो उठलाच नाही. शेवटच्या वळणावर सगळे ब्रेक मारतात. तिने मारला नाही. कार्ट मागून सरकली, सुलक्षणाने स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं, टायर किंचाळले आणि रेषा मागे पडली. आवारात तेव्हा कुत्रंही नव्हतं.

वर केबिनमध्ये जाऊन तिने आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. मग जेवणाचा डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली.

तिने कोणालाच सांगितलं नाही, कारण स्टाफने जोरात चालवायचं नाही असा नियम होता. नंतर नियम ढिला झाला, पण तोवर उशीर झाला होता. एवढ्या दिवसांनी सांगणं म्हणजे 'माझ्याकडे बघा' म्हणण्यासारखं झालं असतं आणि ते तिला जन्मात जमलं नव्हतं. बोर्डावर पहिली ओळ आहे, तेवढं पुरे, असं तिने ठरवलं. रोज आल्यावर पहिली नजर तिकडे जायची, हे मात्र खरं.

आज जुनं यंत्र जाणार होतं. नव्या डब्या आल्या होत्या. त्या निवडताना अनिरुद्धने तिला विचारलं होतं, हे त्याचं चांगलं होतं. एका कंपनीच्या डब्या कार्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या होत्या, आणि यांच्या कार्टांना बॅटरीच नव्हती. दुसऱ्या गोंडस होत्या, पण त्यांची क्लिप प्लास्टिकची होती आणि शाळेच्या एका सहलीत तिचे तुकडे झाले असते. तिसऱ्या जाड, कुरूप आणि चार्जिंगच्या. सुलक्षणाने तिसऱ्या घ्यायला लावल्या. त्या बसवायच्या पट्ट्या लवूने साकीनाक्याहून वाकवून आणल्या होत्या.

"ताई, जरा वर येता का?" अनिरुद्धने केबिनच्या दारातून हाक मारली.

ती जिना चढून गेली. त्याने जुन्या यंत्रातली यादी स्क्रीनवर काढली होती.

"हे रेकॉर्ड्स नव्यात घेतोय. पहिली ओळ उडवतो. नवीन सिस्टीममध्ये चुकीचा आकडा कशाला न्यायचा? प्रांजलला पण बरं वाटेल बिचाऱ्याला."

"तो आकडा चुकीचा नाहीये, सर."

"अहो डबी सैल..."

"डबी सैल नव्हती." तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी होते."

अनिरुद्धने खुर्ची वळवली. तो हसला नाही. हसला असता तर एक वेळ चाललं असतं. तो समजुतीने पाहत राहिला, एखादा भाचा मावशीकडे पाहतो तसा.

"ताई, तुम्ही छान चालवता. मला माहितीये. पण ही वेळ... प्रांजल तीन वर्षं घासतोय हो. मी स्वतः कितीदा ट्राय केलंय. नसेल एखादा दिवस डबीचा. त्यात तुमची काही चूक नाही."

चूक नाही, म्हणे. सुलक्षणाला वाटलं, आता आपण काहीतरी भलतं बोलणार. खुंटीवरचं हेल्मेट उचलून ती म्हणाली, "नव्या डब्यांची टेस्ट राहिलीच आहे. तुम्ही इथेच बसा. स्क्रीनकडे बघा."

ती जिना उतरली तेव्हा लवू हळदकुंकू, नारळ आणि झेंडूच्या माळा घेऊन कार्टांच्या रांगेत फिरत होता. ती तरातरा सात नंबरच्या कार्टपाशी गेली. रोज बसण्याआधी ती सीटमागे वाकून डबी बघायची. कितीही घाई असली तरी बघायची. आज तिच्या डोक्यात 'बिचारा प्रांजल' घुमत होता. ती बसली आणि लवूला म्हणाली, "मार दोरी." लवूने दोरी ओढून इंजिन चालू केलं.

पहिला फेरा तिने टायर गरम करायला घातला. दुसऱ्याला पाय खाली दाबला. पहिलं वळण जवळ आलं, गेलं. लांब पट्ट्यावर डोक्यावरून एक विमान विमानतळाकडे उतरत होतं, त्याचाही आवाज तिला आला नाही. कंबरेत कळ आली. ती कळ तिने दातांत धरली. शेवटच्या वळणावर पायाने ब्रेककडे जायचं म्हटलं, तिने जाऊ दिलं नाही. कार्ट मागून सरकली, तिने नुसतं धरून ठेवलं, टायर किंचाळले, आणि रेषा मागे गेली. छातीत आनंद इतका भरून आला, की तिला हेल्मेटमध्ये एकटीला हसू फुटलं.

गाडी थांबवून तिने बोर्डाकडे पाहिलं. नव्या यंत्राला जोडलेला बोर्ड कोरा होता.

अनिरुद्ध जिन्यावरून धावत खाली आला. "ताई, काय चालवलंत! पण काही आलंच नाही. एकदम ब्लँक."

सुलक्षणा उतरली आणि सीटमागे वाकली. डबीला झेंडूची भरगच्च माळ होती. पाच-सहा वेढे, वर कुंकवाचं बोट. तिने फुलं बाजूला केली. माळ दोऱ्यात नव्हती. तांब्याच्या तारेत ओवली होती आणि तारेची टोकं डबीच्या पाठीमागे पक्कडीने पिळून घट्ट केली होती. कडेकोट तारेच्या आतून डबी बापडी जमिनीखालच्या तारेला काय सांगणार?

"लवू."

"दोरो तुटता वो वेगात," लवू म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "नवी वस्तू आसा, म्हणान जरा घट बांधलंय. तारेन आकडो येवचो नाय, ता माका काय म्हायत?"

ती त्याच्यावर ओरडणार होती. सगळा शब्दसाठा तयार होता. पण बांधणाऱ्याने चांगल्या मनाने बांधलं होतं, आणि बघायचं काम तिचं होतं. ते तिने केलं नव्हतं. तिला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

"परत मारा एक," लवू म्हणाला. "तार काढतंय मी."

"नाही जमणार." ती कार्टच्या टायरवर टेकली. कंबर आता उघड उघड ठणकत होती. "तेवढा राग परत कुठून आणू?"

अनिरुद्धने वाकून पिळलेली तार बघितली. मग म्हणाला, "ताई, मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटच्या वळणाला ब्रेकच नाही मारलात तुम्ही. आजचा फेरा मी हाताने टाकतो. अंदाजे वेळ घालू."

"अजिबात नाही." ती चटकन उभी राहिली. "गेल्या रविवारी तो मुलुंडचा बाप माझ्याशी भांडत होता, माझ्या मुलाचा फेरा मी बघितलाय म्हणून. त्याला मी काय सांगितलं? यंत्राने वाचला नाही तो फेरा नाही. मग माझाही नाही."

"अहो पण..."

"आजचा गेला, सर. तो सोडून द्या." तिने डबीची तार उलगडायला सुरुवात केली. "पण तो जुना वाचलेला आहे. तो उडवू नका. मी एवढंच म्हणत होते."

अनिरुद्धने मान हलवली आणि वर गेला. लवू तिच्याशेजारी बसून दुसऱ्या कार्टांच्या माळा सोडवायला लागला. फुलं त्याने ताटलीत ठेवली, तारा वेगळ्या.

थोड्या वेळाने केबिनची काच सरकली.

"ताई, नाव काय टाकू?"

तिला पटकन कळलं नाही. नाव त्याला माहीत होतं. पगाराच्या वेळी दर महिन्याला तोच लिहायचा.

"साळसकर," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "नको. सुलक्षणा टाका. साळसकर नंतर, जागा उरली तर."

जागा उरली नाही.

दार उघडल्यावर पहिली तुकडी आली ती अंधेरीच्या एका शाळेतल्या मैत्रिणींची. पूजा उरकली होती. आता दोऱ्यात ओवलेल्या माळा फक्त पुढच्या बंपरवर होत्या. सात नंबरच्या कार्टमध्ये बसलेल्या मुलीने भिंतीकडे मान वळवली.

"काकू, ती सुलक्षणा कोण आहे? फर्स्टवाली?"

"हेल्मेटचा पट्टा लाव आधी," सुलक्षणा म्हणाली.

मुलीने पट्टा लावला. सुलक्षणा कंबरेवर हात ठेवून सावकाश सीटमागे वाकली आणि डबी दोन बोटांत धरून हलवून पाहिली. डबी हलली नाही.