शंभर वर्षांचा केलेला ढब्बू

मित्रांनो, "मी एक जुना टेडी आहे" असं म्हणून मला माझी गोष्ट सुरू करता आली असती, तर किती सोपं झालं असतं! पण ते वाक्य दुसऱ्याच कोणीतरी माझ्या गळ्यात बांधलं होतं. जाड पिवळट कागदाचं कार्ड होतं ते, आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'विदेशी टेडी, अंदाजे इ.स. १९१०, इंग्रज साहेबाच्या बंगल्यातील.' साफ खोटं! मी कोणताही साहेब पाहिलेला नाही आणि बंगलाही नाही. माझं वय नऊ वर्षं, नाव ढब्बू. आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म नांदगाव पेठेतल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. भागीरथा तेव्हा तिथल्या एका कारखान्यात जाड जॅकेटं शिवायची. जॅकेटच्या आतल्या लवदार तपकिरी कापडाच्या कतरणी सुपरवायझरला विचारून ती घरी आणायची. डोळ्यांसाठी तिनं कोटाची दोन बटणं घेतली. पोटात भरायला तिच्या बापानं, बुधाजीनं, पऱ्हाटी उपटायच्या आधी झाडांवर उरलेला कापूस पिशवीत घालून आणला. त्यातली सरकी तिनं हातानं काढली, पण दोन-चार दाणे तसेच राहिले. ते मला अजून टोचतात.

भागीरथा डावखुरी. लहानपणी त्यापायी तिनं मार खाल्ला, कारखान्यातही बोलणी खाल्ली, पण सुई तिच्या डाव्या हातातच सरळ चालायची. त्यामुळे माझ्या अंगावरचे सगळे टाके उलट्या बाजूला झुकलेले आहेत. शिवून झाल्यावर तिनं काजळाचं बोट माझ्या डाव्या तळपायावर टेकवलं. तान्ह्या बाळाला नजर लागू नये म्हणून लावतात ना, तशी तीट. "आता कोणाची नजर नाही लागत माह्या लेकराले," असं म्हणून तिनं मला तीन वर्षांच्या लेकीच्या, पिंकीच्या, मांडीवर ठेवलं.

त्यानंतरची आठ वर्षं मी पिंकीकडे नोकरीला होतो असं म्हणा. सुट्टी नाही, पगार नाही. दुधाचे दात पडत होते तेव्हा तिनं माझा उजवा कान चावला, नवे आले तेव्हा जास्तच चावला. रविवारी मला बादलीत बुचकळून दोन्ही कानांना चिमटे लावून दोरीवर टांगायचे; तीट मात्र कधी पुरती गेली नाही. वरणात पडलो, ऑटोत विसरलो गेलो आणि पुढच्या चौकातून परत आणला गेलो. पिंकीला ताप आला की माझ्या पोटावर डोकं ठेवूनच ती झोपायची, म्हणून माझ्या पोटावरची लव पार उडाली आहे. ही झीज मी स्वतः कमावलेली आहे. पुढे एका शहाण्या माणसानं तिला शंभर वर्षांची झीज ठरवलं. शंभर वर्षं कशाला हवीत? एक पिंकी पुरते.

मधल्या काळात कारखान्यातलं भागीरथेचं काम सुटलं आणि ती लेकीला घेऊन माहेरी मूर्तिजापूरला आली. साड्यांना फॉल-पिको करू लागली. शेजारच्या मुलांना तिनं माझ्यासारखे दोन-तीन टेडी शिवून दिले. लोकांनी वाहवा केली. तेव्हापासून तिच्या मनात आलं की साड्यांच्या कडा दुमडण्यापेक्षा हेच काम आपल्या नावानं करावं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही, पण रात्रंदिवस मशीनजवळ बसणाऱ्या माझ्यापासून काय लपणार?

आणि मग चंदन आला. अकोल्याचा जुन्या वस्तूंचा व्यापारी. पितळेची भांडी, बंद पडलेली घड्याळं, असं काहीबाही गोळा करत गावोगाव फिरायचा. मला पाहून तो थबकला. उचललं, उलटंपालटं केलं, पोट दाबलं. मला तेव्हाच त्याचा स्पर्श आवडला नव्हता.

"बाई, हा नमुना मले द्या," तो म्हणाला. "अकोल्यातल्या दुकानदारायले दाखवतो. तुमच्या नावानं ऑर्डर आणतो. पंधरा दिवसांत टेडी वापस."

पिंकीनं मला मागे ओढलं. अकरा वर्षांची घोडी झाली तरी ओढलं, हे मी विसरणार नाही. पण भागीरथा म्हणाली, "पंधरा दिवसाची त गोष्ट हाये, पिंके. मंग आपल्याले कामच काम." आणि तिनं मला स्वतःच्या हातानं चंदनच्या पिशवीत ठेवलं.

अकोल्यात चंदननं मला एकाही दुकानदाराला दाखवलं नाही. पहिल्याच दिवशी चहाच्या काळ्या पाण्यात बुडवलं. गच्चीवर वाळवलं. विटेच्या तुकड्यानं पाठ घासली, नाकाचा दोरा उसवला, आणि ते पिवळट कार्ड गळ्यात अडकवलं. मित्रांनो, म्हातारपण यायला माझी काही हरकत नाही. ते आपल्या पायांनी येऊ द्यावं. असं एका दुपारी चहात बुडवून कोणी म्हातारं करतं का?

मला विकत घेतलं अमरावतीच्या गजेंद्र सरांनी. त्यांचे गणिताचे क्लासेस आहेत. "मधली पायरी गाळली तर मार्क गेले," असं ते मुलांना बजावतात म्हणे. त्यांना जुन्या टेडींचा भारी शौक. काचेच्या कपाटात बावीस होते, मी तेविसावा. माणूस वाईट नव्हता. आमच्यावरची धूळ ते मऊ ब्रशनं झटकायचे, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवायचे. पण चंदननं सांगितलेली गोष्ट त्यांनी घटाघटा पिऊन टाकली. स्वतः भिंग घेऊन बसले आणि माझ्या तळपायावरची तीट पाहून टाळी वाजवून म्हणाले, "शिक्का! कंपनीचा पुसट झालेला शिक्का!" उलटे टाके पाहून तर त्यांना गहिवरूनच आलं. ही विलायतेतल्या कारागिरांची खास पद्धत, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं. शेजारची खरी म्हातारी मंडळी माझ्याकडे मान देऊन पाहू लागली. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

यंदा हिवाळ्यात सरांनी अमरावतीत एक हॉल घेऊन तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. पेपरात फोटो आला, आणि फोटोत नेमका मी. पंधरा दिवसांचं वर्ष झालं तरी चंदन मूर्तिजापुरात परत फिरकला नव्हता; तिथेच तो पेपर पिंकीच्या हाती पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला, हॉल रिकामा असताना, दोघी माझ्या काचेसमोर उभ्या राहिल्या.

"ढब्बू!" पिंकी म्हणाली. एका वर्षानंतर कोणीतरी मला नावानं हाक मारली होती.

"काचेला हात नका लावू," गजेंद्र सर लगबगीनं आले. "शंभरावर वर्षं झाली त्याला."

"शंभर?" भागीरथा म्हणाली. "माही पोट्टी बारा वर्षाची हाये, सर. अन् हा तिच्याहून लहान. म्या शिवला याले. थो चंदन नमुना म्हणून घेऊन गेला होता."

सर हसले. चांगल्या माणसाचं हसू होतं ते, म्हणून जास्त लागलं. "बाई, असे टेडी दिसायला सारखे असतात. याच्या पायावर कंपनीचा शिक्का आहे. मी भिंगातून पाहिलाय."

"शिक्का नोय थो. तीट होय. काजळ होय थे, म्याच लावलेलं. भिंगातून पाह्यलं तुमी, पण कोणाले इचारलं काय?"

सर काही बोलायच्या आत तिनं पर्समधून सुईदोरा काढला. टेबलावर अंथरलेल्या चादरीची कड उसवली होती, ती तिनं डाव्या हातानं पाच-सहा टाके घालून शिवली आणि बाजूला झाली. सर वाकले. आधी चादर पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा चादर. भिंग खिशातून काढलं आणि न वापरताच परत ठेवलं. त्यांना कळलं होतं, मित्रांनो. अगदी स्वच्छ कळलं होतं.

आता ते काय म्हणाले असतील? 'माफ करा' म्हणाले असतील, असं तुम्हाला वाटेल. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे पहा बाई, पोस्टर छापून झालेत, पेपरात आलंय, उद्या शेवटचा दिवस. मलाही फसवलंच आहे ना त्या माणसानं? मी तुम्हाला चांगलं कापड आणून देतो. मुलीसाठी दुसरा शिवा, याच्यापेक्षा छान."

चंदन खोटं बोलला, तो त्याचा धंदाच होता. पण ज्याला खरं कळलं, त्यानंही गप्प बसायचं? मधली पायरी गाळली तर मार्क कापणाऱ्यानं अख्खी बाईच गाळायची? माझ्या पोटातली सरकी रागानं तडतडली.

भागीरथा मात्र चिडली नाही. "एक त याच्यावर माहं नाव लिहा," ती म्हणाली, "नाहीतर माहा टेडी वापस द्या. दोन्हीतलं काही होत नाही तोपर्यंत मी बसते." आणि माझ्या काचेसमोर फरशीवर तिनं बसकण मारली.

संध्याकाळी हॉल बंद होईपर्यंत ती बसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुन्हा हजर. येताना डबा आणला होता, आणि फॉल लावायच्या साड्या. गिऱ्हाइकांची कामं खोळंबून कसं चालेल? भिंतीला टेकून ती एकेक टाका घालत राहिली. येणारे लोक तिला वळसा घालून जायचे. एक-दोघांना ती हॉल झाडायला आलेली बाई वाटली, त्यांनी तिला पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारलं. पिंकी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "हा माह्या आईनं शिवला." लोक 'हो का' म्हणायचे आणि कार्ड वाचायचे. कागदावर छापलेलं लोकांना खरं वाटतं, समोर बसलेलं माणूस खरं वाटत नाही! याचा मला जितका संताप आला, तितका विटेनं घासतानाही आला नव्हता.

दुपारी सरांच्या क्लासमधली पंधरा-वीस मुलं आली. सर एकेका टेडीची माहिती सांगत माझ्यापाशी पोचले. बंगला सांगितला, साहेब सांगितला, आणि घाईघाईनं पुढच्या कपाटाकडे वळले. आचल नावाची एक मुलगी म्हणाली, "सर, पहिल्या दिवशी तुम्ही याच्या टाक्यांबद्दल सांगितलं होतं. ते राहिलं. मी मैत्रिणीला मुद्दाम तेवढ्यासाठी आणलंय."

सर थांबले. "हो," ते म्हणाले. "याचे टाके उलटे आहेत. ही पद्धत फक्त…"

बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. भागीरथेनं मान वर केली नव्हती. तिचा डावा हात साडीच्या कडेवर आपलं काम करत होता. आधी आचलनं पाहिलं, मग तिच्या मैत्रिणीनं, मग सगळ्यांनी. वीस मुलं माझ्या पोटाकडे आणि तिच्या हाताकडे आळीपाळीनं पाहू लागली.

"ही पद्धत या बाईंची आहे," सर म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी चुकलो. आणि कालपासून मला माहीत होतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं तरी चाललं असतं. गिळलं नाही. म्हणून त्यांच्यावरचा माझा राग थोडा कमी झाला. थोडाच.

त्यांनी काच उघडली, जुनं कार्ड फाडलं आणि भागीरथेला विचारून नव्या कार्डावर फळ्यावर लिहितात तशा मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भागीरथा बुधाजी तायडे, मूर्तिजापूर. टेडीचे वय नऊ वर्षे.' मग म्हणाले, "संध्याकाळी याला घरी घेऊन जा. शंभर वर्षांच्या रांगेत नऊ वर्षांचा कसा ठेवू?"

ऐका! कालपर्यंत माझ्या एकेका टाक्यावर अर्धा अर्धा तास बोलणारा हा माणूस. टाके तेच, कान तोच, पोट तेच. फक्त म्हातारपण उतरलं आणि माझी जागा गेली. मला घरी जायचंच होतं, पण असं काढून टाकल्यासारखं नव्हतं जायचं. पिंकी मात्र खुशीत होती. "नऊ वर्षाचा हाये त नऊ वर्षाचा," ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत सगळ्यायले वाचू द्या."

सगळे वाचू लागले. चारच्या सुमाराला एक गृहस्थ चष्मा वर करून कार्डाजवळ आले, नाव पुटपुटले आणि बायकोला म्हणाले, "भागीरथा? ही कोणती कंपनी म्हणायची? नवीन निघालेली दिसते."

भागीरथेनं साडीची घडी केली, सुई टोचून ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकवून उभी राहिली.

"कंपनी नोय, भाऊ," ती म्हणाली. "मी होय."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. धूळ झटका, कडुनिंब ठेवा, काचेत ठेवा. पण वस्तू किती वर्षांची हे नंतर विचारा, ती कोणी केली हे आधी विचारा. आणि जिनं केली ती बाई समोरच फरशीवर बसलेली असेल, तर तिला बसायला खुर्ची द्या. त्या हॉलमध्ये शंभर खुर्च्या होत्या, आणि दोन दिवस त्या सगळ्या रिकाम्या होत्या.