ट्यूबचे हातमोजे

झुंबरबाई श्रीगोंद्याजवळच्या एका कालव्याकाठच्या वाडीत सुईणपण करायची. बाळंतपणं काही रोज येत नाहीत, म्हणून एरवी ती राधाकृष्णअण्णांच्या उसात रोजानं जायची. एकाहत्तर सालच्या सुमारास अण्णांनी युरिया आणायला सुरुवात केली. पाटी कमरेला लावायची आणि सरीत वाकून बुडख्याला मूठ मूठ सोडत जायचं. उसाच्या पानांनी हातांवर ओरखडे उठायचेच. त्यात घामानं विरघळलेलं खत शिरलं की मिरची चोळल्यासारखी आग व्हायची. बायका तेल लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी उचलायच्या.

खत टाकून झालं आणि वाडीतल्या भीमाच्या बायकोला, मनकर्णाला, कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण ती. झुंबरबाईनं तेलाचा हात पोटावर ठेवला, तशी ती अंग चोरून ओरडली, "आत्या, हात काढा! किसणी फिरवल्यावानी लागतंय!"

झुंबरबाईनं तळवा उलटा करून पाहिला. पेरं उकलली होती, भेगांच्या कडा टणक झाल्या होत्या. पोर कुठं वळलंय हे जी बोटं नुसत्या स्पर्शानं सांगायची, त्यांना आज काही समजत नव्हतं. तिनं अंदाजानं वेळ निभावून नेली. पोरगी झाली, मायलेकी सुखरूप. पण झुंबरबाई घरी आली ती घाबरूनच.

पुढच्या खताच्या वेळी तिनं जुन्या गोधडीचे हातमोजे शिवले. ते घामानं भिजले, खत त्यात मुरलं आणि हात दिवसभर खारात पडल्यासारखे झाले. संध्याकाळी ती तशीच श्रीगोंद्याला रज्जाकच्या सायकलच्या दुकानात गेली. रज्जाकची सगळी लेकरं तिच्याच हातावर झालेली.

"रज्जाक, पानी आत शिरनार न्हाई असं काय हाय तुज्याकडं?"

"मावशी, ट्यूब हाय. तिच्यातनं हवा भाईर येत न्हाई, तर पानी आत कसं जाईल?"

त्यानं ट्रकची जुनी ट्यूब कापली, सोलुशननं कडा चिकटवून मोज्यांची जोडी केली. अंगठा वेगळा, चार बोटं एकत्र, लांबी कोपरापर्यंत. आत शंखजिऱ्याची पूड टाकून तो म्हणाला, "वल्ला हात आत घालायचा न्हाई. आन् काडायच्या आधी वरनं धुवायचं."

दुसऱ्या दिवशी सरीत बायका हसून हसून वाकल्या. अण्णाही म्हणाले, "झुंबरबाई, खत घालायचंय का म्हैस तपासायचीय?"

"उगड्या हातानं म्या खत टाकनार न्हाई, अण्णा. ह्याच हातानं मला बायकांच्या पोटाला हात लावायचा असतो."

मोज्यानं मूठ कधी मोठी यायची, कधी सांडायची. काम मागं पडायला लागलं. दुपारी अण्णांनी तिला खुरपायला धाडलं आणि पाटी चांगुणाच्या कमरेला दिली. चांगुणा वाडीतल्याच एका घरची नवी सून, तिच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याचा ताजा घाव. संध्याकाळपर्यंत अंगठा टरारून सुजला.

सकाळी ती चिंधी गुंडाळून झुंबरबाईच्या दारात उभी राहिली. झुंबरबाईनं घाव कोमट पाण्यानं धुतला, कोरडी पट्टी बांधली. "हे भरून येईस्तवर खताला शिवू नगंस."

"घरी बसले तर सासू बसू दील व्हय, आत्या?"

झुंबरबाईच्या ध्यानात आलं. मूठ तर एकाच हातानं टाकायची. दुसरा हात नुसता पाटी धरतो, त्याला फडकं पुरे. तिनं एक मोजा चांगुणाच्या डाव्या हातावर चढवला, मनगटाला नाडी बांधली. दुसरा स्वतः घातला. "आता डाव्या हातानं टाक. हळू टाकलंस तरी चालंल."

दोघी शेजारशेजारच्या सऱ्या घेऊन निघाल्या. अण्णा बांधावर आले, पाहत राहिले. त्यांची नजर चांगुणाच्या पट्टीवर गेली. झुंबरबाईला पुन्हा खुरपायला न धाडता ते माघारी फिरले.

त्यानंतर काही बायकांनी रज्जाककडून एकेक मोजा करून घेतला. त्यांच्यातल्याच बनुबाईनं घेतला नाही. आत हात शिजतो, म्हणाली. उन्हाळ्यात रबर तडकलं की रज्जाक ठिगळ मारून द्यायचा. चांगुणाचा अंगठा भरून आला, नख मात्र वाकडंच उगवलं.

झुंबरबाईच्या भेगा बऱ्या व्हायला दिवाळी उजाडली. उजव्या तर्जनीला पहिल्यासारखं कधीच कळलं नाही. तिनं डाव्या हातानं तपासायची सवय लावून घेतली.