नक्वासिब्वेची जागा

रविवारची प्रार्थना सुटली आणि नक्वासिब्वे धापा टाकत चर्चच्या दारात गुडघ्यांवर पडला. "माझ्या बायकोला, ओरिशाबाला, कालपासून कळा येताहेत. बाळ अडलंय. डोली द्या हो!"

कुणी हललं नाही. आमच्या किगेझीच्या डोंगरात गाडी चढत नाही. आजाऱ्याला डोलीत घालून गडी खांद्यावर नेतात. नियम एकच, जो खांदा देत नाही त्याला खांदा मिळत नाही.

डोलीमंडळाचा प्रमुख झकायो म्हणाला, "तुझं नाव तीन वर्षांपूर्वीच कापलंय. का, ते एद्रेदाआजीला विचार."

एद्रेदा म्हणजे मीच. डोली माझ्या घरी आढ्याला टांगलेली असते, कारण माझा नवरा योसिया, इथला धर्मशिक्षक, तिची निगा राखायचा. पस्तीस वर्षं त्यानं दारुड्यालाही खांदा दिला आणि चोरालाही. अन् तो स्वतः पोटदुखीनं तडफडत होता त्या दिवशी, खांद्याची पाळी असूनही, हा मेला नक्वासिब्वे बाजारात ज्वारी विकत बसला! माणसं कमी पडली. दवाखान्याच्या चढावर, निलगिरीच्या झाडांच्या वळणावर योसियाच म्हणाला, "दमलात रे. ठेवा मला खाली." ठेवलं, आणि तिथंच तो गेला.

खोटं कशाला बोलू? नक्वासिब्वेला गुडघ्यांवर बघून मला बरं वाटलं. भोग आता, असंच मनात आलं. मग त्याच्या मागं उभी असलेली ओरिशाबाची आई दिसली. ती रडतही नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती.

"झकायो," मी म्हणाले, "योसिया शेवटी काय बोलला, ते सांग सगळ्यांना."

"आजी, जुनं कशाला उकरता?"

"तू सांगतोस की मी सांगू?"

मग मीच बोलले. "तो म्हणाला होता, नक्वासिब्वेची जागा भरू नका, येईल तो. मी आणि झकायोच उशाशी होतो, आम्ही ते गिळून टाकलं. तोंडात देवाचं नाव अन् पोटात सुरी!"

घरी जाऊन मी डोली काढली आणि दांडा खांद्यावर घेतला. आमच्यात बायका डोलीला हात लावत नाहीत.

"अहो आजी, लोक आमच्या तोंडात शेण घालतील!" झकायो धावत आला.

"घालू देत. उचलता, की एकटीच ओढत नेऊ?"

गड्यांनी दांडे घेतले. पुढचा उजवा दांडा तसाच राहिला, नक्वासिब्वेची जागा. तो माझ्याकडं बघत उभा. मी ओरडले, "बघतोस काय? घे!"

ओरिशाबाला तिच्या घरून डोलीत घेतलं, मीही मागोमाग निघाले. चढावर तिचं कण्हणं बारीक होत गेलं. निलगिरीचं वळण आलं तसे गडी सवयीनं थबकले. डोलीतून आवाज आला, "दमलात हो... ठेवा मला खाली."



"खबरदार कुणी थांबलं तर!" मी किंचाळले. "मागं एकदा ठेवलं होतं!"

ते पळत सुटले. नक्वासिब्वेचा खांदा सोलून शर्ट लाल झाला, तरी तो दांडा कुणाला देईना. दवाखान्यात तिला आत नेलं. आम्ही भिंतीला टेकून बसलो. किती वेळ गेला देव जाणे, मग आतून बाळ रडलं. नर्सनं डोकं बाहेर काढलं. "मुलगी आहे. आई पण शुद्धीवर आहे."

नक्वासिब्वे माझ्या पायाशी बसला. "आजी, त्या दिवशी मी..."

"गप. जा, पोरीचं तोंड बघ."

त्याला मी माफ केलं का? अजून नाही, पुरतं नाही. पण संध्याकाळी रिकामी डोली घेऊन तो माझ्या दारात आला आणि आढ्याला कुठं टांगायची विचारू लागला. योसियाची खुंटी मी त्याला दाखवली.